चिंचोका बाहेर पडला पाहिजे

लोटन नानांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी असायची आणि तिच्यात तंबाखू नसायची. चिंचोके असायचे, मोजून एकवीस. मिलमध्ये नव्यानं लागलेला एखादा कामगार ओळख नसतानाही आशेनं तळहात पुढं करायचा. नाना गंभीर चेहऱ्यानं डबी उघडून त्याच्या हातावर एक चिंचोका ठेवायचे आणि म्हणायचे, "चघळू नको. तपास."

कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो. त्यांच्याबद्दल लिहिताना स्वतःबद्दल कमीत कमी लिहावं असं मी ठरवलं आहे, पण एका जागी मला स्वतःला टाळता येणार नाही. ती जागा येईपर्यंत वाचणाऱ्यानं मला बरा माणूस समजू नये, एवढी विनंती.

सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत आमची कापड रंगवायची आणि छापायची मिल. कोरं कापड, ज्याला सुरतेत सगळे ग्रे म्हणतात, एका दारानं आत येतं; धुऊन, रंगवून, छापून, घड्या घालून दुसऱ्या दारानं बाहेर जातं. प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड फिरतं. नाना शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेत आले, फोल्डिंगला म्हणजे घड्यांच्या खात्यात लागले, कोसाडच्या वसाहतीत खोली मिळाली आणि चाळिशीच्या सुमारास त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं, हरवलेले लॉट शोधायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं मिलमधलं कापड चोरीला जातं. बहुतेक वेळा ते आतल्या आत हरवतं. दोन खात्यांच्या मधे पडून राहतं आणि दोन्ही खात्यांकडे आपण बरोबर असल्याचा कागद असतो.

नानांची कीर्ती झाली ती पोपटी रंगाच्या एका लॉटमुळे. तो लॉट प्रिंटिंगच्या दाराशी ट्रॉलीवर दीड महिना पडून होता. माणसं त्याच्यावर जेवणाचे डबे ठेवत, दुपारी कोणी त्याच्यावर डोकं टेकून झोपत असे. प्रिंटिंगवाले म्हणत, प्रयोगशाळेनं रंग पास केल्याशिवाय आम्ही कापडाच्या थानाला कात्री लावणार नाही. प्रयोगशाळा म्हणे, कापून आणलेली पट्टी आल्याशिवाय आम्ही रंग पास कसा करणार? नानांनी जेवणाच्या सुट्टीत फरशीवर खडूनं खात्यांच्या चौकटी काढल्या. त्या दिवशी डब्यातल्या आमटीत एक चिंचोका आला होता. तो धुऊन त्यांनी पहिल्या चौकटीत ठेवला आणि बोटानं सरकवत सरकवत नेला. दोन चौकटींच्या मधे येऊन तो थांबला. मग त्यांनी दोन्ही खात्यांच्या प्रमुखांना बोलावून आणलं आणि घरच्या अहिराणीत विचारलं, "आते हाऊ कथा जाई?"

आता हा कुठं जाणार? दोन्ही प्रमुखांनी एकाच वेळी एकमेकांच्या चौकटीकडे बोट दाखवलं. भोवतीची माणसं इतकी हसली की तो लॉट संध्याकाळच्या आत छापून बाहेर पडला. शास्त्रानं जे काम दीड महिन्यात झालं नाही ते लाजेनं एका दुपारीत झालं. त्या दिवसापासून "आते हाऊ कथा जाई" ही मिलची म्हण झाली. ओडिया कामगारसुद्धा ती म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती जास्त गोड लागे.

पुढं मालकांचा मुलगा शिकून परत आला. त्याला सगळे छोटे शेठ म्हणत. ते साडेसहा फूट उंच आहेत. त्यांनी ठरवलं की मिलमधली प्रत्येक गोष्ट, रंगाच्या खरेदीपासून कामगाराच्या रजेपर्यंत, संगणकातून जाईल आणि कुठून कुठं जाईल याचा आधी एक नकशा निघेल. अहमदाबादहून सल्लागार आला. त्याच्या नकशात निळ्या चौकटी, पिवळे चौकोन, हिरवे बाण असत. लांबून पाहिलं तर एखाद्या चांगल्या साडीचा पदर वाटावा. या सगळ्यावर एक प्रक्रिया प्रमुख हवा होता. मला थोडं इंग्रजी येत होतं आणि वाद घालता येत नव्हता, म्हणून मला नेमलं. उभं राहून नानांचे पाय सुजायला लागले होते, म्हणून त्यांना माझ्या हाताखाली तपासनीस म्हणून बसवलं. आमच्या मिलमध्ये ज्याच्या पायात काही उरत नाही त्याला डोक्याचं काम देतात. माझ्या बाबतीत तेवढंही बघितलं नव्हतं.

नकशा टेबलावर पसरून नाना डबी उघडत. पहिल्या चौकटीत एक चिंचोका. वाट "किंवा" म्हणून फुटली तर आधी एका बाजूनं जायचं, मग परत येऊन दुसऱ्या. वाट "आणि" म्हणून फुटली, म्हणजे एकाच वेळी दोघांकडे काम गेलं, तर एकाच्या जागी दोन चिंचोके. पुढं ते दोघं जिथं भेटायचे तिथं दोघंही आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. त्यांचे नियम तीनच. आत आलेला चिंचोका कुठल्याही वाटेनं गेला तरी शेवटी बाहेर पडला पाहिजे. तो बाहेर पडला तेव्हा मागं आत एकही चिंचोका राहता कामा नये. आणि ज्या चौकटीत कुठल्याच वाटेनं चिंचोका जात नाही ती चौकट काढणाऱ्याला विचारायचं, ही कशाला?

सल्लागारानं हे पाहिलं तेव्हा त्याला हसू आवरेना. मग तो म्हणाला की हे एक मोठं शास्त्र आहे, याचं गणित असतं, परदेशात लोक यावर डॉक्टरेट करतात आणि हे तपासणारं संगणकाचं साधनही मिळतं. फक्त ते आपल्या पॅकेजमध्ये नाही. नानांनी आदरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचे चिंचोके कसले असतात?"

रंगखरेदीच्या पहिल्याच नकशावर नाना एक अख्खा दिवस बसले. संध्याकाळी त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"साहेब, एक चौकट मेलेली आहे."

"कोणती?"

"तुमची."

चौकट सगळ्यांत मोठी होती, तिला सोनेरी कड होती आणि आत लिहिलं होतं, 'प्रक्रिया प्रमुखांचा अभिप्राय'. तिच्यातून एक झोकदार बाण बाहेर निघत होता. तिच्याकडे येणारा बाण नव्हता. नानांनी सगळ्या वाटांनी चिंचोके फिरवून पाहिले होते, एकही माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी नसतो तरी रंग आला असता, कापड रंगलं असतं, आणि हे मला आतून ठाऊकच होतं. चिंचोक्यानं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"चौकट खोडू की बाण आणू?" नानांनी विचारलं.

मी म्हणालो, आणा. त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीनं एक सुबक बाण काढला. तेव्हापासून मिलचा प्रत्येक नकशा माझ्या टेबलावर यायला लागला आणि माझ्या सहीशिवाय पुढं जाईना. दयेपोटी काढलेल्या त्या बाणाची नानांनी पुढं केवढी किंमत दिली, ते यायचंच आहे.

तपासनीस झाल्यावर नाना सुसह्य राहिले असं मी म्हणणार नाही. सकाळच्या चहाच्या ऑर्डरीतही त्यांना गाठ दिसायची. मिलचं सोडा, त्यांनी लग्नंसुद्धा सोडली नाहीत. कोसाडला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दोन्ही घरं समोरासमोरच्या इमारतींतली, म्हणून काटकसरीनं दोघांत मिळून एकच बँड सांगितला होता. मुलीकडची मंडळी वाजतगाजत बोलवायला आल्याशिवाय नवरदेवानं जागचं हलायचं नाही, असा रिवाज. नानांनी चार दिवस आधी पत्रिकेच्या पाठीवर चौकटी काढून दोन्ही घरांना दाखवलं होतं की इथं चिंचोका अडकतो. ते म्हणाले, नाना, लग्न आहे, मिल नाही.

लग्नाच्या दिवशी मी आमंत्रितांत होतो. बँड नवरदेवाकडे वाजत होता आणि नवरदेव घोडीवर बसून घामानं निथळत होता. मुलीचे मामा-काका नारळ घेऊन मांडवाच्या दाराशी उभे होते, कारण बँड नाही तर वाजतगाजत जायचं कसं? आणि मुलीकडचे आल्याशिवाय नवरदेव हलत नव्हता, म्हणून बँडही हलत नव्हता. मधे फक्त पन्नास पावलांचा रस्ता. घोडीला सगळ्यांत आधी कंटाळा आला. नाना मांडवात खुर्चीवर बसून हे सगळं अशा तृप्त चेहऱ्यानं पाहत होते की मला त्यांचा राग आला. कोणी येऊन रीतसर विचारल्याशिवाय ते उत्तर सांगणार नव्हते, आणि रीतसर विचारायला कोणाला सुचत नव्हतं.

शेवटी नानांच्या पत्नी, नानी, बाहेर आल्या. नानांकडे बघून त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरमा बी चिंचोका लावस, नि आठे बी." घरातही चिंचोका, आणि इथंही. मग रस्ता ओलांडून त्यांनी बँडातल्या एका ढोलवाल्याला दंडाला धरून ओढत मुलीकडच्यांच्या पुढं आणून उभा केला. ढोल वाजला, मामा-काका चालायला लागले, लग्न लागलं. नाना दोन दिवस घुश्शात होते. त्यांचं म्हणणं, एका बँडाचे दोन धरायचे होते तर तसं आधी नकशात दाखवायला हवं होतं.

नानांचं तपासणं बरोबर असायचं, आणि ते बरोबर आहे हे सिद्ध होईपर्यंत ते हटवादीपणे खुर्चीवर बसून राहायचे, हे दोन्ही मला तेव्हा कळलं होतं. नंतर मला कळलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

आता ती जागा. वैद्यकीय रजेचा नकशा सगळ्यांत शेवटी आला. मिलचा एका खासगी रुग्णालयाशी करार होता. मिलचं पत्र नेलं की कामगाराचं ऑपरेशन तिथं व्हायचं. नव्या यंत्रणेचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मांडव घातला होता, पेढे सांगितले होते, मोठ्या शेठजींच्या हातून कळ दाबली जाणार होती. दुपारी चार वाजता नानांनी मला बोलावलं. नकशावर एक चिंचोका एकटाच बसला होता.

रजा मंजूर व्हायला भरती झाल्याचा कागद जोडावा लागत होता. रजा मंजूर झाली की मिलचं पत्र निघत होतं. आणि ते पत्र असल्याशिवाय रुग्णालय भरती करून घेणार नव्हतं. पोपटी लॉटचीच गोष्ट, फक्त या वेळी ट्रॉलीवर माणूस असणार होता.

मी सल्लागाराला बोलावलं. त्यानं चिंचोक्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये तो कागज पे है. ग्राउंड पे लोग मॅनेज कर लेते हैं." मलाही तेच ऐकायचं होतं. मी नानांना म्हणालो, पुढच्या आवृत्तीत घेऊ.

नाना म्हणाले, "मग एक चौकट वाढवा, साहेब. आवृत्ती येईपर्यंत कोणी आजारी पडायचं नाही."

नकशाखाली दोन सह्यांची जागा होती, तपासनीस आणि प्रमुख. नानांनी सही केली नाही. त्यांनी चिंचोका उचलून पुसला, डबीत टाकला आणि पाच वाजताच्या बसला गेले. मी माझी सही केली. तपासनिसाच्या जागी मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'तोंडी मान्यता'. कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. पेढे सांगून झाले होते, एवढंच कारण मला आजही सापडतं.

तो नकशा बाकीच्या नकशांबरोबर काचेत घालून माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर लागला. नाना रोज त्याच्या खालून जात. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी वाचला नसेल, असं मी धरून चाललो.

वर्षभर खरंच लोकांनी मॅनेज केलं. ज्यांना पोटाचं, पाठीचं काही झालं ते गावी गेले, किंवा झालंच नाही म्हणाले. मग एका सोमवारी नाना माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा उतरतो आहे. डॉक्टरांनी पाहिलं होतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, पूर्ण सुटायच्या आत दोन-चार दिवसांत ऑपरेशन करा, असं सांगितलं होतं. नानांनी अर्ज भरला. माझ्या संगणकाच्या पडद्यावर त्यांचं नाव आलं, पुढं पिवळ्या अक्षरांत 'प्रतीक्षेत'.

त्या वेळी मी काय करू शकलो असतो ते सांगतो. माझ्या खोलीपासून छोट्या शेठांची खोली अठरा पावलांवर आहे. दार ढकलून म्हणायचं होतं, नकशा चुकीचा आहे, मला आधीच सांगितलं होतं, तरी मी सही केली. त्यांनी फोन उचलून रुग्णालयाला एक पत्र पाठवलं असतं. कदाचित मला बोलले असते. मी अठरा पावलं गेलो नाही. मी ईमेल केले. मी 'विशेष बाब' म्हणून वेगळा अर्ज केला. त्या अर्जाचा नकशा फिरून वैद्यकीय रजेच्याच चौकटीत येतो, हे मला तीन दिवसांनी कळलं. रोज सकाळी नाना यायचे, दारात उभे राहायचे आणि मी म्हणायचो, "उद्या होतं, नाना."

चौथ्या दिवशी मीच सुचवलं की तुम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात का जात नाही, मिलचं मी मागून बघतो. नाना डोकं एका बाजूला कलतं करून, चांगला डोळा माझ्यावर धरून बघत होते. हसले.

"मी बाजूनं कसा जाऊ, साहेब? नकशावर माझी तोंडी मान्यता आहे ना."

म्हणजे वाचलं होतं. पहिल्या दिवशीच वाचलं असणार. ते मांडवातल्या त्या खुर्चीवर बसले होते आणि मी येऊन रीतसर चूक कबूल करण्याची वाट पाहत होते. या वेळी त्यांनी डोळा पणाला लावला होता. ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. नानींनीही कधी म्हटलं नाही. पण मला फक्त तेवढंच करायचं होतं, तरी मी म्हणालो, "उद्या नक्की."

नवव्या दिवशी नानींनी त्यांना ढोलवाल्यासारखं दंडाला धरलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी घेतलं. ऑपरेशन झालं. नंतर त्यांनी नानींना विचारलं, इतके दिवस काय करत होतात? उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

त्या डोळ्यामुळे एक नवीन गंमत सुरू झाली. मिलच्या फाटकावर डोळे वाचून हजेरी घेणारं यंत्र आहे. ते नानांना ओळखेना. रखवालदार रोज तेच सांगायचा, "नाना, मशीन ना पाडे छे," मशीन नाही म्हणतंय. सकाळी तो हातानं 'आत' अशी नोंद करायचा; संध्याकाळी 'बाहेर' ची नोंद हातानं करायची परवानगी नकशात नव्हती, म्हणून नाना मालाच्या फाटकानं टेम्पोशेजारून बाहेर पडायचे आणि मध्यरात्री यंत्र आपोआप हिशेब पुसायचं. काही महिन्यांनी ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, छोट्या शेठांचं भाषण. मागं मोठ्या पडद्यावर वर्षभरातले सगळे अर्ज हिरवे दिसत होते. तीस दिवस हालचाल झाली नाही तर अर्ज आपोआप 'पूर्ण' होतो. नानांचाही हिरवा होता. त्यांनी मान वळवून डावा डोळा पडद्यावर धरला, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नियम दुसरा, साहेब." बाहेर पडल्यावर आत काही राहता कामा नये. संध्याकाळी शाल खांद्यावर टाकून ते नेहमीप्रमाणे टेम्पोशेजारून गेले. सेवेतून कमी झालेल्या माणसाचा हिशेब यंत्र मध्यरात्री पुसत नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं आगीच्या कवायतीत. भोंगा वाजला, सगळी मिल अंगणात उतरली. फाटकावरच्या पडद्यावर आत किती माणसं उरली तो आकडा उतरत गेला आणि एकावर येऊन थांबला. शून्य झाल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, असा नकशा. आम्ही चाळीस मिनिटं उन्हात उभे होतो. आत मशीनमध्ये गुलाबी लॉट शिजत राहिला. छोटे शेठ मला म्हणाले, बघा कोण आहे. मी यादी उघडली. रखवालदार माझ्या खांद्यावरून डोकावला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ए तो आपणा नाना छे."

सगळी मिल माझ्याकडे बघत होती. खरं सांगायची याहून चांगली संधी माणसाला मिळत नाही. नाव काढून टाकायची कळ माझ्याच अधिकारात होती. मी ती दाबली. आकडा शून्य झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छोटे शेठ म्हणाले, "देखा? सिस्टीम ने पकड लिया." मी हसलो. ते हसू धुऊनही निघालं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोसाडला गेलो. ती रजा लगेच मिळते. तिचा नकशा नानांनी तपासला होता. बरोबर मी काचेतला नकशा काढून गुंडाळी करून नेला होता. नानी जिन्याखाली रस्त्यालगत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"रोज उद्या म्हणायचे. आज कसे आले, साहेब?"

मी चपला काढून आत गेलो. नाना खाटेवर बसून इमारतीच्या पाण्याच्या मोटारीचा काहीतरी घोळ चिंचोक्यांनी सोडवत होते. त्यांना खरोखर आनंद झाला. मी तयारी करून गेलो होतो. पहिलं वाक्य पाठ केलं होतं. नानांनी ते निम्म्यावर हातानंच थांबवलं.

"ते भिंतीवर लिहिलेलं होतं, साहेब. नकशा बदलला का?"

मी म्हणालो, नाही. गुंडाळी उलगडली. त्यांनी डबीतून एक चिंचोका काढून माझ्यापुढं धरला. "लावा."

इतक्या वर्षांत इतक्या नकशांवर मी तपासले म्हणून सही केली होती, पण चिंचोका एकदाही माझ्या बोटांनी सरकवला नव्हता. तो गुळगुळीत असतो. मी त्याला पहिल्या चौकटीत ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि मग बोट थांबलं.

"आते हाऊ कथा जाई?" नानांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, तपासनिसाचा प्रश्न होता.

मी बोट उचललं. मग नाना अगदी सहज म्हणाले, "सध्या आत कोणी आहे का?"

हे त्यांनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, असं लिहिलं तर खोटं होईल. सकाळी संगणक उघडला तेव्हा पाहिलं होतं. "फोल्डिंगच्या कमलबाई," मी म्हणालो. "पित्ताशयाचं आहे."

"किती दिवस झाले?"

"तीन."

नानांनी नकशा माझ्या हाताखालून ओढून घेतला, गुंडाळला आणि माझ्या काखेत खोचला. नानी चहाचा कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी हातानंच तो माघारी पाठवला. मी चिंचोका डबीत ठेवायला गेलो तर डबी बंद केली.

"तो शेठच्या टेबलावर लावा. आणि तुमच्या हातानं. उठा आता, साहेब, सचिन लांब आहे."

मी चपला घालून जिना उतरलो. नाना मागं मागं रस्त्यापर्यंत आले. मला वाटलं निरोपाचं काही बोलतील, म्हणून मी थांबलो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाळत घातलेल्या बिबड्यांना वळसा घालून ते रस्त्याच्या कडेला गेले, डावा डोळा दूरवर धरला आणि एक हात उंच करून रिक्षाला थांबवत उभे राहिले.